जांभळ्या गोगलगायीसाठी मुंबई

मुंबईहून परत आले तेव्हा वाशिमच्या आमच्या गल्लीत सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंत? गेटवे? नाही. राणीचा बाग? नाही. सिद्धिविनायक तरी? तोही नाही. "मग गेला होतात कशाला एवढ्या लांब, या वयात, एकट्याच?" समोरच्या देशमुखबाईंचा स्वर असा, की जणू मला त्यांनीच परवानगी द्यायची राहून गेली होती. मी सांगितलं, "गोगलगाय पाहायला." त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. म्हणून हे लिहून काढते आहे. कागदाला निदान मधेच उठून कुकर बंद करायला जावं लागत नाही.

मी चित्रकलेची शिक्षिका होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सवयी गेल्या नाहीत. आयुष्यभर मुलांशी एकाच गोष्टीवरून भांडले: जांभळा म्हणजे जांभळा आणि निळा म्हणजे निळा. वांगं निळं रंगवणाऱ्या मुलाकडून मी ते वांगं पुन्हा रंगवून घेत असे. मुलं पाठीमागे मला 'जांभळ्या बाई' म्हणायची. ते मला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

गेल्या वर्षी डाव्या डोळ्याच्या पडद्याने राजीनामा दिला. उजव्याची नोटीस आली आहे. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "अगदी अंधार होणार नाही. कडेकडेचं दिसत राहील. पण मधलं जाईल, आणि रंग त्याच्याही आधी फिके पडतील." आमच्या यांना जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवीच बसली होती. मी 'बरं' म्हटलं आणि एसटीने घरी आले. भर उजेडात उजवा डोळा अजून चोख आहे. संध्याकाळ झाली की मात्र जांभळा आणि काळा यांतला फरक आत्ताच कळेनासा झाला आहे.

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी गुलाब येतात. एके दिवशी गुलाबांच्या मधे एक समुद्रातली गोगलगाय आली. अंगठ्याएवढी, पाठीवर शंख नाही, अंग जांभळं, कडेने पिवळी झालर, डोक्यावर दोन नारिंगी शिंगं आणि पाठीच्या शेवटी एक उमललेलं फूल. ते तिचं श्वास घ्यायचं इंद्रिय, हे मला नंतर कळलं. फोटोत रंग भरलेले असणार असं समजून मी तो मोठा करून पाहिला. भरलेले नव्हते. असा जांभळा मला उभ्या जन्मात जमला नव्हता. शाळेच्या बाटल्यांतले तांबडा नि निळा एकत्र केले की तो नेहमी मळायचा. खाली लिहिलं होतं, मुंबईच्या किनाऱ्यावर सापडते. मला वाटलं, रंग जायच्या आधी हा एक प्रत्यक्ष पाहून घ्यावा.

फोटो काढणाऱ्या मुलीचा नंबर फिरत फिरत मिळाला. प्रज्ञा तिचं नाव. नोकरी विम्याच्या ऑफिसात, आणि छंद हा, की हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोट्यांना लोकांना खडकांवर नेऊन असले जीव दाखवायचे. "अमावास्येच्या आसपास या मॅडम," ती म्हणाली. "पण गॅरंटी नाही हां. ते काय झू नाही."

लालबाग

दादरला उतरले तेव्हा फलाटावर सवयीने डावीकडे वळून "अहो, बॅग" म्हणाले. एका अनोळखी गृहस्थांनी बिचाऱ्यांनी बॅग उचलूनही दिली. हे नेहमी माझ्या डाव्या हाताला चालायचे. आजवरच्या सगळ्या प्रवासांत तिकिटं, पाण्याची बाटली आणि बडबड त्यांच्याकडे आणि पाहायचं काम माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. एकटीने केलेला हा माझा पहिला प्रवास.

उतरले ते दत्ताभाऊजींकडे, लालबागला. ते यांचे चुलतभाऊ. दोघं मालवणकडच्या एकाच घरातले. हे मास्तरकी मिळाली म्हणून वऱ्हाडात आले आणि तिकडचेच झाले. भाऊजी मुंबईत आले आणि फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन झाले. "आख्खं आयुष्य वर-खाली केलंय वयनी, पण पोचलंय खंयच नाय," असं म्हणून ते स्वतःच हसतात. वहिनीला ते 'वयनी' म्हणतात. त्यांच्या बायकोचं नाव सुलभा. ती मिरच्या-मसाल्याच्या दुकानात हिशोबाला बसते, आणि तिच्या पदराला कायम धण्याचा वास येतो. दोन खोल्या, बाहेर लांबलचक गॅलरी, आणि गॅलरीसमोर आता एवढा उंच टॉवर की आकाश पाहायला मान मोडायची.

"कशासाठी आलात म्हणालात ताई?" सुलभाने चहा देताना विचारलं.

"गोगलगाय पाहायला."

तिने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी कपाकडे पाहिलं. मग ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "असू दे. मला पण यांच्या मागे एकदा काश्मीरला जायचंय."

त्याच दुपारी माझ्या हातून पहिली चूक घडली. प्रवासाने अंग आंबलं होतं, म्हणून आडवं होण्याआधी मी दार लावून कडी घातली. आमच्याकडे दुपारी दार लावतातच. उघडं राहिलं तर कुत्री आत येतात. पाच मिनिटांत कडी वाजली. दारात चार बायका. "काय झालं? बरं नाही काय?" त्यांच्यामागून सुलभा धावत आली. मग कळलं, की या चाळीत दिवसा दार लागलं तर त्याचे दोनच अर्थ: घरात कुणीतरी आजारी, नाहीतर नवरा-बायकोचं जोरदार वाजलंय. मी दार सताड उघडून झोपले. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्याकडे पाहून गेला आणि एकीने तर माझ्या पायांवर चादर घातली. एवढ्या माणसांत मला कितीतरी दिवसांत आलं नव्हतं एवढं एकटेपण आलं. कारण त्या सगळ्या एकमेकींच्या होत्या आणि मी पाहुणी.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. भाऊजी सोबत येतो म्हणत होते. मी ऐकलं नाही. सोबत आलेला माणूस दहा मिनिटांत कंटाळतो, आणि मग आपण पाहायचं सोडून त्याच्याच तोंडाकडे पाहत बसतो.

बसने गिरगावात उतरले आणि आधी जेवायला गेले. जुनं उपाहारगृह, संगमरवरी टेबलं. वेटरने "एकटेच?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता मला एका गृहस्थांच्या समोर नेऊन बसवलं. आमच्याकडे परक्या माणसाच्या टेबलावर कुणी बसत नाही. बसलंच तर आधी गाव विचारून, नातं जुळवून, मगच पाणी पिणार. इथे ते गृहस्थ मिसळ खात होते, मी साबुदाणावडा मागवला, आणि दोघं एकमेकांच्या ताटाकडे पाहत, एक अक्षर न बोलता जेवलो. उठताना त्यांनी चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. मला ते फार बरं वाटलं. मग पीयूष मागवलं आणि तेही एकटीने संपवलं. यांना पीयूष अजिबात आवडत नसे, त्यामुळे लग्न झाल्यापासून मी ते कधी मागवलंच नव्हतं. संपता संपेना.

बाणगंगेच्या तलावाला वळसा घालून मागच्या वस्तीतून खाली गेलं, की पायऱ्या संपतात आणि काळे खडक सुरू होतात. आमच्याकडे तलावाचं पाणी एकदा गेलं की पावसाळ्यापर्यंत परत येत नाही, आणि गेलेल्या पाण्यावरून माणसं हवालदिल होतात. इथे ते रोज दोनदा जातं आणि दोनदा येतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

प्रज्ञा पायरीवरच भेटली. तिशीची असेल. जुने बूट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. राहते भायखळ्याला. "माझा समुद्र चैत्यभूमीचा," ती म्हणाली. "सहा डिसेंबरला पप्पा आम्हाला दादरला न्यायचे, आलेल्या लोकांना पाणी द्यायला. मी ग्लास भरता भरता सारखी पलीकडे बघायची. पप्पा म्हणायचे, पाणी इकडे आहे गं, तिकडे काय बघतेस?"

आम्ही सहा-सात जण होतो. तिचा एकच नियम: काही उचलायचं नाही, आणि दगड उलटलाच तर जसा होता तसाच परत ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी छप्पर असतं. मी दगडांना हात न लावायचं ठरवलं होतं, पण पाय कुणाला विचारतात? शेवाळावरून घसरले आणि एका डबक्यात व्यवस्थित मांडी घालून बसले. एक खेकडा बाहेर येऊन माझ्याकडे रागाने पाहून गेला. दोन मुलींनी मला उभं केलं. साडी पिळताना मला हसू आलं आणि पुन्हा डावीकडे वळून "अहो, पाहिलंत का?" म्हणणार, तेवढ्यात आवरलं.

त्या दिवशी उजेड भरपूर होता, पण पाणी हवं तेवढं मागे गेलंच नाही. लांबच्या खडकांवर, जिथे ती असते, तिथे अजून लाटा होत्या. दिसली ती तिची अंडी. दगडाच्या कडेला पिवळट रंगाची, रिबिनीची गुंडाळी करून ठेवावी तशी.

"आई कुठे असेल?" मी विचारलं.

"गेली असेल. अंडी घातली की त्या थांबत नाहीत. जगतातच जेमतेम काही महिने," प्रज्ञा म्हणाली. मग खडकावर बसून तिने मला गोगलगायीची सगळी कुंडली सांगितली. जन्मतात तेव्हा यांना इवलासा शंख असतो; मोठं होताना तो टाकून देतात आणि उघड्या अंगाने फिरतात. खातात ते एकाच जातीचं काहीतरी, खडकाला चिकटलेलं, बहुतेकांना विषारी. तेच विष अंगात साठवतात, आणि हा सगळा भडक रंग म्हणजे 'मला खाऊ नका' अशी पाटी.

"आणि मॅडम, गंमत म्हणजे तिला स्वतःला रंग दिसत नाही. डोळे आहेत, पण फक्त उजेड आणि अंधार कळतो."

मी म्हटलं, "मग आमचं जमेल."

ती हसली. तिला माझ्या डोळ्याचं सांगितलेलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. ती हसायची थांबली आणि म्हणाली, "उद्या अमावास्या. पाणी अजून लांब जाईल. पण रोज ओहोटी उशिरा होते ना, त्यामुळे उजेड कमी मिळेल. लवकर या." म्हणजे पाणी जसजसं मागे जाणार, तसतसा सूर्यही जाणार होता. माझ्यासारखीने यातलं काय निवडायचं?

बाणगंगा

अमावास्येला मी दुपारपासूनच पायरीवर जाऊन बसले. एकटी बाई बसलेली पाहून एका म्हातारीने विचारलं, "कुणाचे दिवस आहेत काय?" मी नाही म्हटलं. ती माझ्या शेजारी थोडा वेळ बसून, मसाल्याची सुपारी देऊन निघून गेली.

प्रज्ञा आली, बाकीचे आले, पाणी उतरू लागलं. आम्ही त्याच्या मागोमाग. आज मी अनवाणी होते आणि एकदाही पडले नाही, याची नोंद घ्यावी. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा आम्ही कालच्यापेक्षा बरेच पुढे होतो. एका मोठ्या खडकात गंजलेली लोखंडी कडी होती, पूर्वी होडी बांधायची असेल. प्रज्ञा त्याच्या पलीकडे वाकली आणि ओरडली, "मॅडम! आहे! या, या, हळू या!"

हळूच गेले. डोळे असते तर धावले असते. मधे दोन घळी होत्या, एकीत गुडघाभर पाणी. कुणीतरी हात दिला. मी पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. सगळे बाजूला झाले, मला पुढे घेतलं. प्रज्ञाने टॉर्चचा उजेड पाण्यावर धरला. पाणी चकाकलं, त्या चकाकीच्या मधोमध मला एक काळा ठिपका दिसला. डोकं इकडून तिकडून करून पाहिलं. काळाच. कडेने काहीतरी फिकं. भोवतालची माणसं "वॉव", "काय कलर आहे यार" म्हणत होती. इतक्या लांबून आले, तिच्यासमोर वीतभर अंतरावर उभी होते, आणि मला ती दिसत नव्हती.

"दिसली ना, मॅडम?" प्रज्ञाने इतक्या आनंदाने विचारलं, की मी म्हटलं, "दिसली. फार सुंदर आहे."

परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडले. सरळ सांगते. मुंबईत याची एक सोय आहे, कुणी विचारत नाही.

घरी सुलभाने मात्र दारातच ओळखलं. तिला खरं ते सांगितलं. दिसली नाही, आता उद्या ओहोटी काळोखात आहे, प्रज्ञाही यायची नाही, आणि परवा माझी गाडी. आतल्या खोलीत भाऊजी टीव्ही पाहत होते. त्यांनी आवाज कमी केला, एवढंच माझ्या लक्षात आलं.

पुन्हा लालबाग

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीला जाग आली तीच माशांच्या वासाने. मार्गशीर्षभर इथे घरोघर मासे बंद असतात. महिना संपला की दुसऱ्या दिवशी बाजारात झुंबड. सुलभाने बांगडे आणले, तिरफळ घालून कढी केली, आणि मला शेजारी बसवून इतकं वाढलं की दुपारी मी गाढ झोपले. दार उघडं ठेवून.

जागी झाले ती सुलभाच्या आवाजाने. "माझं उलथनं कुठे गेलं? आणि स्टीलचा मोठा डबा? हे कुठे गेलेत न सांगता?" भाऊजींचा फोन कपाटावरच वाजत होता. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. सुलभाने देवापुढे दिवा लावला आणि त्यांच्या नावाने जे बोलायचं ते बोलून घेतलं.

मग ते आले. लेंगा मांडीपर्यंत ओला, एका हातात उलथनं, आणि दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला स्टीलचा डबा. टॅक्सीने आले होते. भाऊजी टॅक्सीने आले, हीच चाळीत बातमी होती. डबा त्यांनी ओट्यावर ठेवला आणि झाकण काढलं.

"वयनी, बगा. हाडलंय."

डब्यात समुद्राचं पाणी, शेवाळाचा झुबका, आणि तळाशी एक गोळा.

"काल सुलभान माका तुमच्या मागसून धाडलेला," ते सांगू लागले. "वयनीक सांजचा दिसत नाय, नजर ठेव म्हणान. मी थंय पायऱ्यांवर उभो होतंय. तुम्ही सगळे त्या कडीच्या खडकाकडे वाकलात ता बघलंय. तुमका बघूक गावला नाय, ता रात्री ऐकलंय. आमच्याकडसून पाहुणो रिकामो कसो जायत?"

म्हणजे काल मी एकटी म्हणून रडत होते तेव्हा हा माणूस माझ्या मागे, बहुधा त्याच बसमध्ये, पुढच्या दाराशी उभा होता. माझ्याआधी उतरून तो घरी पोचला होता आणि टीव्ही लावून बसला होता.

तोवर शेजारपाजार आत आला होता. चार-पाच मोबाईलचे टॉर्च डब्यावर. मी ट्यूबलाइटखाली डबा ओढला, उजवा डोळा जवळ नेला. ती मिटून बसली होती. शिंगं आत, फूल आत, झालर गुंडाळलेली. कुणी म्हणालं, "हे तर जेली आहे." कुणी म्हणालं, "मेलंय." गोळ्याच्या एका बाजूला रंगाची चाहूल लागल्यासारखं वाटलं आणि कुणाची तरी सावली पडून ती गेली.

"रातभर ऱ्हवांदेत," भाऊजी म्हणाले. "सकाळी गॅलरीत ऊन येता. तेव्हा उघडतला. मस्त बघा."

सकाळचं ऊन! त्या उन्हात मला नक्की दिसली असती. गाडी दुपारची होती. मी प्रज्ञाला फोन लावला. तिने आधी डबा केवढा, पाणी किती ते विचारलं. मग म्हणाली, "मॅडम, काकांना ओरडू नका. पण डब्यात ती सकाळपर्यंत नाही टिकणार. पाणी गरम होतं. तिला परत सोडा, त्याच दगडावर, तिचं खाणं तिथेच आहे. पाणी चढायच्या आत."

खोटं कशाला सांगू, मला ती ठेवून घ्यायची होती. मनात सगळे हिशोब झाले. बर्फ ठेवता येईल बाजूला. नाहीतरी काही महिनेच जगते. मुलीला काय कळतं, तिचे डोळे शाबूत आहेत. डब्यावर झाकण ठेवायला म्हणून हात गेला आणि बोटाने पाण्याला स्पर्श झाला. पाणी खरंच कोमट झालं होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "हिला परत न्यायला हवं. आत्ता."

त्यांचा चेहरा पडला. आणलेला अहेर परत केल्यावर पडतो तसा. "माझा चुकला काय?"

"नाही हो. तुमच्यामुळे ती माझ्या इतक्या जवळ आली. पण ती इथे मरेल."

ते चपला घालून उभे राहिले. सुलभाने डब्यात हात घालून पाहिलं, फ्रीजमधली थंड पाण्याची बाटली काढली, ओल्या फडक्याने डबा गुंडाळला आणि बाटली त्या फडक्यात बाहेरून बांधली. "टॅक्सीच करा," ती म्हणाली.

डबा मांडीवर घेऊन मी बसले. टॅक्सीने वळण घेतलं की पाणी डचमळे आणि मी झाकण दोन्ही हातांनी दाबून धरी. भायखळा, मग गिरगाव, मग चौपाटीचे दिवे. भाऊजी पुढे बसून टॅक्सीवाल्याला सांगत होते, "भाय, धीरे. अंदर पेशंट है."

बाणगंगेच्या पायऱ्यांवर काळोख होता. पाणी चढू लागलं होतं. मला दिसलं नाही, आवाजावरून कळलं. शेवटच्या पायरीच्या पुढे मी जाऊच शकत नव्हते. भाऊजींनी डबा घेतला, मोबाईल तोंडात धरला आणि खडकांत उतरले. उजेडाचा एक ठिपका हलत हलत लांब गेला. मी पायरीवर उभी. अख्ख्या मुंबईत त्या क्षणी माझ्याइतकं एकटं कुणी नव्हतं, आणि माझं सगळं लक्ष त्या ठिपक्यात होतं.

"सोडलंय!" ते ओरडले.

"काय करते आहे?"

"काय नाय. गप आसा."

लाटेचा आवाज आला. मी म्हटलं, "भाऊजी, पाणी वाढतंय, या आता परत."

"थांबा हो जरा!" उजेडाचा ठिपका जागचा हलेना. मग त्यांचा आवाज, लहान मुलाच्या आवाजासारखा चिरकलेला: "वयनी! शिंगां भायर काढल्यान! दोन! आणि मागसून... मागसून फूल उघडता हा! चलाक लागला, वयनी! चलता हा!"

"रंग?" मी ओरडले. "रंग कसा दिसतो?"

"फस्क्लास! निळो! एकदम निळो!"

चाळीस वर्षं मी ज्या एका शब्दावरून मुलांना उभं केलं, तो माझ्या ओठांवर आला. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत चढलं असणार. माझ्यासाठी तो माणूस काळोखात वाकून बघत होता आणि सांगत होता. पाहायचं काम आजवर माझ्याकडे; आज पहिल्यांदाच ते कुणीतरी करून मला सांगत होतं.

"हो," मी ओरडून म्हटलं, "निळीच असते ती!"

परत

वाशिमला आल्यावर एकदा दुपारी दार उघडं ठेवून पाहिलं. एक कुत्रं डोकावून गेलं. देशमुखबाईंनी खिडकीतून विचारलं, "कडी मोडली का?" मी नाही म्हटलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. खिडकीशी बसून रंगांचा डबा उघडला. उजवा डोळा अजून काम देतो. तांबडा बाजूला ठेवला, लागलाच नाही. तासाभरात ती कागदावर आली: नारिंगी शिंगं बाहेर, मागचं फूल उघडलेलं, कडेने पिवळी झालर, आणि अंग निळं, स्वच्छ निळं.

चित्र भिंतीवर आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः चित्रकला शिकवते, परवा येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. फोनमध्ये तिने खरी गोगलगाय शोधून पाहिली आणि चाचरत म्हणाली, "बाई, ही जांभळी असते ना? तुम्ही निळी कशी काढलीत?"

मी म्हटलं, "ही मी पाहिलेली नाही गं. ही भाऊजींनी पाहिली."